वेगाचा सौदा आणि उष्णतेचा हिशोब

व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरात होता, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. बटण फिरविले की आवाज लगेच येत नसे. आतल्या काचेच्या नळ्यांमधील तंतू हळूहळू लालसर होत, पेटी कोमट होई, आणि मग कोठे बातम्यांचा पहिला शब्द कानी पडे. तासाभराने पेटीच्या माथ्यावर हात ठेवला तर चांगलीच ऊब लागे. रेडिओ भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे हवा खेळती राहू द्या, असे घरातली वडील माणसे सांगत असत. त्या साध्या सूचनेत संगणकाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण सामावलेले आहे.

आज संगणक घ्यायला निघालेले गिऱ्हाईक दुकानात पहिला प्रश्न विचारते तो वेगाचा. संगणकाचा मेंदू समजली जाणारी जी चिप, जिला बाजारात प्रोसेसर म्हणतात, ती किती गिगाहर्ट्झची आहे, हे आधी पाहिले जाते. ती तापते किती, तिच्यावरचा पंखा घरघरतो किती, आणि पाच वर्षांनंतरही ती आजच्यासारखीच चालेल काय, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा येतच नाहीत. वस्तुतः या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. चिपमध्ये जितकी वीज जाते तितकी सारी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. ती उष्णता घालविण्यासाठी पंखा फिरतो, म्हणून आवाज होतो. आणि जी उष्णता घालविता येत नाही, ती यंत्राचे आयुष्य कुरतडीत राहते. वेग विकत घेताना हा हिशोब ज्यांनी आधी मांडला त्यांचे काय झाले, आणि ज्यांनी तो मागाहून मांडला त्यांना काय भोगावे लागले, याचा इतिहास आता पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा झाला आहे.

त्याची सुरुवात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात होते. तेथील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन मॉक्ली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी उभारलेला एनियाक हा संगणक फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. वजन सुमारे ३० टन, आणि विजेची भूक सुमारे १५० किलोवॉट. एका दालनात एकेक किलोवॉटच्या दीडशे शेगड्या एकाच वेळी पेटविल्या तर जी धग होईल, तीच ही. ती बाहेर काढण्यासाठी मोठमोठे पंखे लावावे लागले. परंतु जाणत्या लोकांची खरी शंका वेगळीच होती. एका व्हॉल्व्हचे सरासरी आयुष्य ३,००० तास धरले, तर १८,००० व्हॉल्व्हच्या यंत्रात दर दहा मिनिटांना एक व्हॉल्व्ह निकामी होणार. असे यंत्र एखादे लांबलचक गणित पुरे तरी कसे करणार?

एकर्ट यांनी या शंकेला दिलेले उत्तर साधे होते. त्यांनी प्रत्येक व्हॉल्व्हकडून त्याच्या निर्धारित क्षमतेपेक्षा बरेच कमी काम घेतले. तंतूंना दिलेला विजेचा दाब कमी ठेवला, त्यामुळे ते कमी तापले. शिवाय असे दिसून आले की व्हॉल्व्ह बहुधा यंत्र चालू किंवा बंद करतानाच दगा देतात. कारण तापणे आणि थंड होणे या फेऱ्यात त्यांच्यातील धातू व काच यांवर ताण पडतो. म्हणून यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरले. या काळजीमुळे व्हॉल्व्ह जळण्याचे प्रमाण सुमारे दोन दिवसांत एक इतके खाली आले. १९५४ मध्ये तर एनियाक सलग ११६ तास न अडखळता चालला. अंगात शक्ती असूनही ती सगळी न वापरणे, हा भरवशाचा पहिला धडा संगणकशास्त्राने पहिल्याच पावलाला घेतला होता. पुढच्या पिढ्या तो वारंवार विसरल्या, आणि दरवेळी तो नव्याने शिकावा लागला.

व्हॉल्व्हचे हे प्रकरण मुंबईलाही अपरिचित नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण मंडळींनी आपला संगणक स्वतः बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. फिलाडेल्फियाच्या मानाने हा आकडा लहान खरा. पण मुंबईची हवाही फिलाडेल्फियाची नव्हे. जेथे माणसाला बसल्या जागी घाम फुटतो, तेथे हजारो तापलेल्या नळ्यांची काळजी घेणे हे वेगळेच काम. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक आला, आणि व्हॉल्व्हचे दिवस तेथेही संपले.

१९४७ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या ट्रान्झिस्टरला तापलेल्या तंतूची गरजच नव्हती. तो थंड, चिमुकला आणि दीर्घायुषी होता. पुढे अनेक ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच चकतीवर कोरण्याची युक्ती साधली, आणि १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ ही चिप बाजारात आणली. तिच्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सिद्धान्त मांडला. ट्रान्झिस्टर लहान करीत जावे व त्याबरोबर विजेचा दाबही त्याच प्रमाणात उतरवीत जावे, म्हणजे तितक्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर मावतील, वेग वाढेल, आणि तरीही त्या जागेतून निघणारी उष्णता वाढणार नाही, असे त्याचे सार. पुढली सुमारे तीस वर्षे सारा उद्योग या वचनावर विसंबून राहिला. उष्णतेची चिंता आता इतिहासजमा झाली, असे वाटण्याजोगा तो काळ होता.

त्या सुखाच्या काळातील दोन प्रसंग मात्र एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला १९८० मधला. ॲपल कंपनीने ॲपल थ्री हा संगणक काढला तेव्हा त्यात पंखा नसावा, असा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता. संगणक शांत असावा ही इच्छा रास्तच होती. पण आतील भाग दाटीवाटीने बसविलेले होते, उष्णता बाहेर पडायला वाट अपुरी होती, आणि जोडण्याही कच्च्या होत्या. चिपा आपल्या खोबणीतून सैल होऊ लागल्या. शेवटी गिऱ्हाइकांना असा सल्ला देण्यात आला की यंत्र काही इंच उचलावे आणि टेबलावर सोडून द्यावे, म्हणजे चिपा पुन्हा जागच्या जागी बसतील! सुरुवातीची हजारो यंत्रे कंपनीला बदलून द्यावी लागली. आवाज काढून टाकला, पण आवाजाचे जे कारण, ती उष्णता, तशीच ठेवली. मग तिने आपली किंमत भरवशातून वसूल केली.

दुसरा प्रसंग इंग्लंडमधील केंब्रिजचा. तेथील एकॉर्न या लहानशा कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक नवा प्रोसेसर रचला. कंपनीजवळ पैसा बेताचा होता. चिप जास्त तापणारी असती तर तिला चिनी मातीचे महाग वेष्टन लागले असते. स्वस्त प्लॅस्टिकचे वेष्टन वापरायचे, तर चिपने एका वॉटच्या आतच वीज घेतली पाहिजे, हे उघड होते. म्हणून सारी रचनाच साधी आणि काटकसरीची केली गेली. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप हाती आली आणि चालू लागली. ती किती वीज घेते हे फर्बर मोजू लागले, तर काटा शून्यावर! शोध घेता असे कळले की चिपच्या मुख्य वीजपुरवठ्याची जोडणी झालेलीच नव्हती. आसपासच्या तारांतून झिरपणाऱ्या थोड्याशा विजेवरच ती बिचारी काम करीत होती. एआरएम या नावाने हे घराणे पुढे जगभर पसरले, आणि आज खिशात मावणारे मोबाइल फोन बहुतेक सारे त्याच घराण्यातील प्रोसेसरवर चालतात. या दोन्ही प्रसंगांत पंखा नव्हता. फरक एवढाच की एका ठिकाणी पंखा शेवटी वगळला होता, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची गरजच आरंभी वगळली होती.

टेबलावरच्या घरगुती संगणकात मात्र १९९३ पासून पंखा ठाण मांडून बसला. त्या वर्षी आलेल्या इंटेलच्या पेन्टियम चिपमध्ये सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर होते आणि ती १५ वॉटांच्या आसपास उष्णता टाकीत असे. आधीच्या पिढीतील पुष्कळ चिपा उघड्याच चालत. आता धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्यावर लहानसा पंखा ही जोडी नेहमीची झाली.

पंख्याच्या आवाजाचे गणित थोडे समजून घेतले पाहिजे, कारण निवडीच्या वेळी ते उपयोगी पडते. पंखा दुप्पट वेगाने फिरविला तर हवा दुप्पट वाहते. पण त्याला लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. दहा डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाढीचा अर्थ कळतो. उलट, ८० मिलिमीटरऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा घेतला तर त्याचे क्षेत्र सव्वादोन पट होते, आणि तो सावकाश फिरूनही तितकीच हवा हलवितो. लहान पंखा धावत सुटतो आणि किंचाळतो. मोठा पंखा शांतपणे चालतो. पण लहान काय की मोठा काय, पंखा हे संगणकातील मोजक्या हलत्या भागांपैकी एक. त्याचे तेल सुकते, पात्यांवर धूळ बसते, आणि एके दिवशी तो थांबतो. ज्या चिपचा प्राण पंख्यावर अवलंबून आहे, तिचा भरवसा पंख्याच्या भरवशाहून अधिक असू शकत नाही.

पेन्टियमनेच भरवशाची आणखी एक बाजू जगाला दाखविली. व्हर्जिनियातील एका महाविद्यालयात गणित शिकविणारे टॉमस नाइसली जोड मूळसंख्यांवर काम करीत होते. १९९४ मध्ये त्यांच्या लक्षात आले की काही विशिष्ट भागाकारांची उत्तरे ही चिप किंचित चुकीची देते. कंपनीने प्रथम ही चूक क्षुल्लक म्हणून बाजूला सारली. पण लोकांचा रोष वाढला, तेव्हा डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर करावे लागले. त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड कंपनीने सोसला. यंत्र बंद पडणे ही एक फसवणूक. यंत्र चालू राहून चुकीचे उत्तर देणे ही त्याहून मोठी. तापलेली चिप कधी पहिल्या प्रकारे फसविते, तर कधी दुसऱ्या. नाइसलींना सापडलेली चूक उष्णतेमुळे झालेली नव्हती, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. थंड आणि शांत चिपही सदोष असू शकते. म्हणून भरवशाची चौकशी स्वतंत्रपणेही करावी लागते.

यानंतर वेगाची शर्यत सुरू झाली. इंटेल आणि एएमडी या दोन कंपन्या मेगाहर्ट्झचे आकडे एकमेकींच्या अंगावर फेकू लागल्या, आणि जाहिराती वाचून गिऱ्हाइकही त्या आकड्यालाच भुलू लागले. फेब्रुवारी २००१ मध्ये इंटेलचेच एक प्रमुख अभियंते पॅट गेल्सिंगर यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत इशारा दिला. चाललो आहोत त्याच वाटेने गेलो, तर चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमधून निघणारी उष्णता काही वर्षांत अणुभट्टीच्या, पुढे अग्निबाणाच्या तोंडाच्या, आणि त्याही पुढे सूर्याच्या पृष्ठभागाच्या बरोबरीला जाईल, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी एका जाहीर परीक्षणात चालू प्रोसेसरवरचा धातूचा ठोकळा मुद्दाम काढून टाकण्यात आला. पेन्टियम ४ चिपने आपला वेग आपणच कमी केला आणि ती तगून राहिली. एएमडीची ऍथलॉन चिप मात्र क्षणार्धात धूर सोडून जळाली. त्या वेळच्या कामात ऍथलॉन पुष्कळ ठिकाणी सरस होती. पण संकटसमयी स्वतःला आवरण्याची व्यवस्था जवळ असणे हाही चिपचा एक गुण आहे, हे त्या चित्राने लोकांच्या मनावर कायमचे ठसविले.

आवरण्याची व्यवस्था असलेल्या पेन्टियम ४ चे पुढे काय झाले, ही कथा अधिक बोधप्रद आहे. तिची रचनाच मोठा आकडा गाठण्यासाठी होती. फेब्रुवारी २००४ मध्ये प्रेस्कॉट या टोपणनावाची नवी आवृत्ती आली. प्रत्येक आज्ञा ३१ टप्प्यांतून नेण्याची तिची पद्धत होती, आणि वेगवान नमुन्यांची उष्णता १०० वॉटांच्या पुढे गेली. डेनार्ड यांचे जुने वचन येथे मोडले. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले होते की ते बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. त्यामुळे विजेचा दाब आणखी उतरविता येईना. चिपमध्ये खर्च होणारी वीज दाबाच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढविण्यासाठी दाब वाढवावा, तर उष्णता जवळजवळ घनाच्या पटीने उसळते. मे २००४ मध्ये कंपनीने तिच्यापुढची नियोजित आवृत्ती रद्द केली. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झच्या चिपचे वचनही मागे घेतले. आणि त्याबद्दल कंपनीचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनी ऑर्लँडो येथील एका सभेत व्यासपीठावर विनोदाने गुडघे टेकून क्षमा मागितली. विनोद होता खरा. पण त्यामागे एका संपूर्ण धोरणाची शरणागती होती.

ॲपलच्या गोटातही त्याच सुमारास हेच चालले होते. त्यांच्या २००२ च्या एका पॉवर मॅक संगणकाला लोकांनी त्याच्या आवाजावरून 'वायुबोगदा' असे नाव ठेवले, आणि पुढल्या वर्षी कंपनीला थोड्या शुल्कात शांत पंखे पुरवावे लागले. २००३ च्या जी-५ संगणकात तर नऊ पंखे होते. २००४ मध्ये त्याच्या सर्वांत वेगवान नमुन्याला द्रवाने थंड करावे लागले, आणि काही वर्षांनी त्यांपैकी काही यंत्रांतून तो द्रव गळू लागला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही अवस्था! उष्णता चिपच्या रचनेत होती, आणि उपाय चालले होते पंखे आणि नळ्या यांचे. जी-५ ही चिप मांडीवरच्या संगणकात बसविता आलीच नाही. जून २००५ मध्ये जॉब्स यांनी आपण इंटेलकडे वळत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनी दिलेले मुख्य कारण लक्षणीय होते: दर वॉटमागे किती काम होते, हे त्यांनी मोजले होते. वेगाची मोजपट्टी बदलली ती अशी.

ज्या इंटेलकडे ते वळले, तीही तोवर आतून बदलली होती. इस्राएलमधील हैफा येथे त्याच कंपनीचे एक पथक मांडीवरच्या संगणकासाठी वेगळी चिप घडवीत होते. बॅटरी लहान, जागा थोडी आणि पंखा नाममात्र. तेव्हा काटकसर करण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हते. मार्च २००३ मध्ये आलेली त्यांची पेन्टियम एम ही चिप १.६ गिगाहर्ट्झवर चाले आणि सुमारे २५ वॉटांत काम भागवी; तरीही पुष्कळ कामांत ती कितीतरी मोठ्या आकड्याच्या पेन्टियम ४ ला मागे रेटी. जुलै २००६ मध्ये त्याच विचाराची कोअर २ ड्युओ टेबलावरच्या संगणकांसाठी आली. दोन गाभे असूनही तिच्या नेहमीच्या नमुन्यांची मर्यादा ६५ वॉटांची होती. मोठ्या मुख्यालयाने वेगाच्या नादात जे गमावले, ते दूरच्या एका शाखेने अडचणीच्या शाळेत शिकून परत मिळवून दिले.

उष्णता यंत्राचे आयुष्य कुरतडते म्हणजे नेमके काय करते? चिपमधील तारा केसाहून शेकडो पट बारीक असतात. त्यांतून जोराने वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणू हळूहळू पुढे ढकलतात. कोठे तार झिजते, कोठे गाठ येते. प्रवाहाची दाटी व तापमान यांवरून अशा तारेचे आयुष्य मोजण्याचे सूत्र जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडले, आणि तापमान थोडे वाढले तरी आयुष्य झपाट्याने घटते, असे ते सांगते. दुसरे नुकसान डाखाच्या सांध्यांचे. एनियाकच्या व्हॉल्व्हप्रमाणेच तेही तापण्या-निवण्याच्या फेऱ्यात तडकतात. तिसरे नुकसान शेजाऱ्यांचे. प्रोसेसरच्या आजूबाजूला लहान डब्यांसारखे कपॅसिटर असतात, आणि त्यांतील ओलसर रसायन उष्णतेने आटत जाते. त्यांचे आयुष्य दर दहा अंशांना निम्मे होते, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकावा. म्हणजे अहोरात्र चालूनही साडेतीन वर्षांहून अधिक. चाळीस अंशांचा फरक, आणि आयुष्यात सोळा पट अंतर!

हा हिशोब आपल्याकडे अधिकच कडक होतो. पंखा कितीही चांगला असो, तो चिपला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा एक प्रोसेसर १०० वॉट उष्णता टाकतो, आणि त्यावरील ठोकळा दर वॉटमागे ०.३ अंश तापमान चढू देतो. म्हणजे चिप हवेपेक्षा ३० अंशांनी गरम राहणार. थंड प्रदेशातील २२ अंशांच्या खोलीत ती ५२ अंशांवर असेल. पण मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेथे तीच चिप ७५ अंशांवर पोहोचेल, आणि बंद पेटीतील कोंडलेली हवा त्यात आणखी भर घालील. त्याच जागी ३५ वॉटांचा प्रोसेसर घेतला, तर चढ फक्त साडेदहा अंशांची. इंदूर, हैदराबाद, नागपूर येथल्या उन्हाळ्यालाही हेच लागू. आणि गोव्याच्या किनाऱ्यावर उन्हाची तीव्रता कमी असली, तरी दमट खारी हवा धातूला सुखाने राहू देत नाही. परदेशी परीक्षणांत जो प्रोसेसर निर्धोक ठरला, तो आपल्या माळ्यावरच्या खोलीत तसाच ठरेल असे धरून चालता येत नाही.

इतके सारे घडूनही उद्योगाने धडा कायमचा गिरविला, असे म्हणवत नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील अव्वल नमुने भर जोरात असताना २५३ वॉटांपर्यंत वीज घेण्यासाठी आखलेले होते. त्यांपैकी अनेक चिपा काही महिन्यांतच अडखळू लागल्या. चिप प्रमाणाबाहेर विजेचा दाब मागून घेते आणि त्याने आतून झिजते, असे निदान २०२४ मध्ये झाले. ऑगस्टमध्ये कंपनीने दुरुस्तीचा मजकूर पुरविला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली; पण जी झीज झाली होती, ती कोणत्याही मजकुराने भरून येणारी नव्हती. नेमक्या याच काळात दुसऱ्या बाजूला नोव्हेंबर २०२० पासून ॲपलचा एम-१ प्रोसेसर असलेला, पंखाच नसलेला संगणक लोकांच्या मांडीवर निमूटपणे काम करीत होता. एम-१ चे घराणे एआरएमचेच. केंब्रिजमध्ये प्लॅस्टिकच्या वेष्टनासाठी केलेली काटकसर पस्तीस वर्षांनी अशी फळाला आली. ॲपल थ्रीच्या वेळी फसलेली शांततेची इच्छा त्याच कंपनीला येथे पुरी करता आली, कारण या खेपेला सुरुवात उष्णतेपासून झाली होती.

तेव्हा निवड करणाऱ्याने काय करावे? वेगाला नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्याला हवामानाचे गणित सोडवायचे आहे किंवा चित्रपटाची जुळणी करायची आहे, त्याने मोठा प्रोसेसर अवश्य घ्यावा, आणि त्याबरोबर त्याच्या उष्णतेची सोयही घ्यावी. परंतु शाळेचे निकाल, पतपेढीच्या खातेवह्या, दवाखान्यातील नोंदी, घरातील पत्रव्यवहार, यांपैकी कशालाही दोनशे वॉटांची भट्टी लागत नाही. तेथे पहिला प्रश्न असा विचारावा की हे यंत्र कोठे बसणार आणि दिवसाचे किती तास चालणार. दुसरा प्रश्न वॉटांचा. वेगाच्या वरच्या टोकाला शेवटचे दहा टक्के मिळविण्यासाठी विजेचा दाब चढवावा लागतो आणि उष्णता त्याहून कितीतरी अधिक वाढते. म्हणून एक पायरी खालचा नमुना बहुधा शहाणपणाचा ठरतो. तिसरा प्रश्न पंख्याचा: मोठा, सावकाश फिरणारा, झाकण काढून साफ करता येणारा आहे काय? आणि चौथा भरवशाचा: ही चिप वर्ष-दोन वर्षे लोकांच्या हातांत वापरली गेली आहे काय, तिच्यात चूक आढळली तेव्हा कारखानदाराने ती कबूल केली काय, आणि हमी किती वर्षांची आहे?

सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही. पतपेढीचा संगणक मार्चअखेरीच्या हिशोबात बंद पडला, किंवा न पडता एखादा आकडा चुकवून बसला, तर तो किती गिगाहर्ट्झचा होता हे खातेदार विचारीत नाहीत. आपला पैसा जागेवर आहे काय, एवढेच विचारतात. एकर्ट यांच्यापुढे १९४६ मध्ये हाच प्रश्न होता. अठरा हजार तापलेल्या नळ्यांच्या त्या यंत्रावर विश्वास ठेवावा कसा, याचे उत्तर त्यांनी प्रत्येक नळीला तिच्या ताकदीपेक्षा हलके ओझे देऊन दिले. आज एका नखाएवढ्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, पण ते उत्तर बदललेले नाही.